येसू कासारीण आणि मिटलेली मूठ

एक होती कासारीण. कासारीण म्हणजे घरोघर बांगड्या भरणारी, बरं का. तिचं नाव येसू. मधूनमधून हूं म्हणत जा रे, म्हणजे जागे आहात ते कळेल मला.

तर ही येसू. हात हातात घेतला की माप अचूक सांगायची. पण बाई भारी बोलघेवडी, आणि बोलणं सगळं स्वतःचं. समोरची म्हणाली, "माझा मुलगा तापलाय गं," की ही म्हणणार, "अहो, तापाचं काय सांगता! मला असा ताप आला होता..." की बसली सांगत. मग काय व्हायचं? बाईचा हात ताठ व्हायचा, आणि बांगडी काट्कन जायची. त्यावर ही ओरडायची, "फुटली!" आता बांगडीला फुटली म्हणतं का कोणी? वाढली म्हणावं. एकदा तर नव्या नवरीसमोर म्हणाली. नवरीच्या आईने तिला चहासुद्धा विचारला नाही.

येसूची सासू म्हाळसाबाई. तिच्या हातून कधी बांगडी वाढली नव्हती. ती बायांना बोलतं करायची. बाई आपलं सुखदुःख सांगत राहायची, आणि डझनभर बांगड्या कधी चढल्या ते तिला कळायचंही नाही. पण म्हातारीची नजर गेली, आणि धंदा येसूकडे आला. एकेक घर तुटत चाललं. म्हाळसाबाई म्हणायची, "तुझे हात सोन्याचे आहेत गं. तोंड तेवढं मध्ये येतं." येसूला त्याचा राग यायचा. दुसरं काय येणार?

मग एकदा राजाचा शिपाई आला. राजाची मुलगी केतकी, आठ वर्षांची. राणी देवाघरी गेली त्या दिवसापासून पोरीने उजव्या हाताची मूठ मिटली होती आणि तोंडही. वर्ष झालं, दोन्ही उघडेनात. वैद्य झाले, मांत्रिक झाले. मग राजाला वाटलं, बांगड्या भरायच्या तर मूठ सोडावीच लागते, बोलवा कासारांना. पण अट वाईट होती. जमलं नाही, तर बांगड्यांची मलार, म्हणजे ती दोरीत ओवलेली माळ असते ना, ती तिथेच ठेवायची आणि जन्मात धंदा करायचा नाही. अकरा कासार मलार ठेवून रिकाम्या खांद्याने घरी गेले होते. आता पाळी म्हाळसाबाईच्या घराची. म्हातारीला दिसत नव्हतं. येसूलाच निघावं लागलं.

वाटेत एक बाभूळ लागली. तिने फांदी पुढे केली. "ए कासारणी, मला बांगड्या भर." येसू बसली भरायला. बाभूळ म्हणाली, "यंदा पाखरं आलीच नाहीत गं माझ्याकडे." येसू म्हणाली, "पाखरांचं काय घेऊन बसलात! आमच्या माहेरच्या चिंचेवर..." झालं. फांदी ताठ झाली, चार हिरव्या बांगड्या गेल्या. काटा बोचला तो वेगळाच. येसूने तुकडे वेचले आणि पदराच्या गाठीत बांधले. काच वाटेत टाकू नये, एवढं तिला कळत होतं.

मग लागली नदी. नदीने पाण्यातून हात वर काढला. "मलाही भर." येसूने ठरवलं, आता बोलायचंच नाही. ओठ घट्ट मिटले, नदीकडे बघितलंसुद्धा नाही. नदी म्हणाली, "मी किती लांबून येते." येसू गप्प. नदी म्हणाली, "कुणी विचारत नाही कुठून आलीस." येसू गप्पच. मग नदीचा हात गारठला, निसटला, आणि चार निळ्या बांगड्या दगडावर आपटल्या. तेही तुकडे गाठीत गेले. येसूला रडू आलं. बोललं तरी जातात, नाही बोललं तरी जातात, मग करायचं तरी काय माणसाने?

मग रानात भेटली वाघीण. तिने पंजा पुढे केला. "भर बांगड्या. एक जरी वाढली तरी तुला खाईन." बघा, वाघिणीलासुद्धा वाढली म्हणायचं कळत होतं.

येसूची जीभ टाळूला चिकटली. तिने पंजा हातात घेतला. वाघीण म्हणाली, "माझे तीन बछडे होते." येसूला दुसरं काही सुचेचना. तोंडातून एवढंच निघालं, "हूं. मग?"

"मग मोठे झाले, गेले."

"मग?"

"मग काय. गुहेत माझाच आवाज मला ऐकू येतो." असं म्हणत वाघीण सांगत राहिली. येसू तिच्या तोंडाकडे बघत राहिली. आधी भीतीने बघत होती. मग भीती कधी गेली कोण जाणे, तिला खरंच पुढचं ऐकावंसं वाटायला लागलं. पंजा लोण्यासारखा मऊ झाला. पाच बांगड्या चढल्या, एकही वाढली नाही. वाघीण किणकिणत निघून गेली. तेव्हापासून हरणं खुशीत आहेत. आवाज आला की पळतात. वाघीण जरा उपाशी राहते, पण तिने बांगड्या काही उतरवल्या नाहीत.

मग येसू राजवाड्यात पोचली. केतकी पाटावर बसली होती. शेजारी राजा. येसूने ती मूठ हातात घेतली आणि विचारलं, "कुठला रंग भरू, बाळ?"

पोर गप्प. येसूही थांबली. पण नदीपाशी गप्प होती तशी नाही, पोरीकडे बघत थांबली. राजा दोनदा खाकरला. तिसऱ्यांदा खाकरणार, एवढ्यात केतकी म्हणाली, "आईला हिरवा आवडायचा."

येसूची आईही ती लहान असतानाच गेली होती, बरं का. "माझीही आई..." एवढं तिच्या ओठांपर्यंत आलं. तिने ते दाताखाली धरलं. म्हणाली, "हूं. मग?"

"आम्ही बांगड्यांच्या काचांनी काचापाणी खेळत होतो. आईचा डाव होता. तिला घेरी आली."

"मग?"

"मग सगळे धावले. मला बाहेर नेलं. मी म्हटलं, आईचा डाव राहिलाय. सगळे म्हणाले, उगी, असं बोलू नये."

"मग?"

"मग मी बोललेच नाही."

आणि मूठ सुटली. आत हिरव्या काचेचा एवढासा तुकडा. तळहातावर त्याचा वळ उठला होता. राजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "अगं, मी तुला..." असं तो बोलायला गेला, तर येसूने बोट वर केलं. "थांबा महाराज, तिचं सांगून झालं नाही अजून." राजाला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. पण तो थांबला.

केतकी म्हणाली, "आता आईचा डाव कोण खेळणार?"

येसूने पदराची गाठ सोडली. बाभळीच्या हिरव्या काचा, नदीच्या निळ्या काचा. खडूने रिंगण काढलं आणि काचा आत सोडल्या. केतकीने आपला तुकडा त्यांत ठेवला आणि म्हणाली, "आबा, तुम्ही खेळता?"

काचापाणीत एकेक काच बोटाने रिंगणाबाहेर ओढायची असते, शेजारच्या काचेला धक्का न लावता. राजाची बोटं ही एवढी जाडी. पहिल्याच काचेला तो बाद झाला. केतकी हसली. वर्षाने हसली पोर. त्या हसण्यात येसूने दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या, एकही वाढली नाही. राजाने अकराच्या अकरा कासारांना त्यांच्या मलारी परत दिल्या, आणि येसूला साडीचोळी देऊन निरोप दिला.

घरी आली तर म्हाळसाबाई दारातच बसलेली. "काय झालं गं?" येसूने सगळं सांगितलं. सांगता सांगता ओठांशी अडलेलं तेही बाहेर आलं. "सासूबाई, माझीही आई मी लहान असतानाच गेली."

म्हातारीने चाचपत तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "हूं. मग?"

मग येसू सांगत राहिली, पार दिवेलागण होईपर्यंत. आणि पुढे सगळे सुखात राहिले. वाघीणसुद्धा.

काय रे, कोणीच हूं म्हणत नाही? बरं. झोपा आता.