मैनेची सावली

एक होतं गाव, करंजवाडी. त्या गावाची एक रीत होती. पळवून नेलेलं पोर परत आलं, की त्यानं आधी पारावर उभं राहायचं आणि सगळ्या गावाला सगळं सांगायचं. मगच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळायचा, मगच घरात घ्यायचं. का, ते विचारायचं नाही.

तिथं धुरपा आणि मैना या दोघी बहिणी राहायच्या. एकदा काय झालं, एक गोडबोल्या राक्षस आला. "नवा झगा देतो, शाळेत घालतो," म्हणाला आणि धाकट्या मैनेला घेऊन गेला. सात डोंगरांपलीकडे तिला राबवलं, मारलं, आणि पळू नये म्हणून तिची सावलीच कापून ठेवली. वर्षानं राजाच्या शिपायांनी तिला सोडवून आणलं. पण भर उन्हात उभी राहिली तरी पायाशी सावली नाही, बरं का. आणि तोंडातून शब्द नाही.

त्यांचे आजोबा, नाना, गावचे कारभारी. ते म्हणाले, "चौथ्या दिवशी हिला पारावर आणा. तोवर गोठ्यात राहील."

मग धुरपाही गोठ्यात राहायला गेली.

पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "भाकरी कशाशी खाशील? चटणी की ताक?" वर्षभरात मैनेला कुणी असं काही विचारलंच नव्हतं. तिनं खूप वेळ विचार केला. मग ताकाकडे बोट दाखवलं. पायाशी बोराएवढी सावली पडली.

दुसऱ्या दिवशी धुरपानं जातं गोठ्याच्या दारात आणलं. दळता दळता ती ओवी म्हणे आणि मध्येच थांबे. दहादा थांबली. अकराव्यांदा मैनेनं पुढची ओळ गुणगुणली. सावली हातभर झाली.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या पोरी सागरगोटे घेऊन आल्या. "खेळायचं नसलं तर नुसती बस गं," म्हणाल्या. मैना बसली. मग खेळली. मग चक्क रडीचा डाव खेळली आणि वर भांडलीसुद्धा. सावली डोक्यापासून पायापर्यंत पुरी झाली, पार वेणीसकट.

चौथ्या दिवशी नाना पंचांना घेऊन आले. "चल पोरी. तिथं काय काय झालं, सांग सगळ्यांना."

मैनेची सावली थरथरली आणि आखडू लागली.

धुरपा आडवी आली. "ती पारावर येणार नाही."

"रीत आहे, धुरपे."

"मग राक्षसाला उभं करा की पारावर. त्याला धरायला तुमच्यातला एक तरी डोंगर चढला का? हिला वाटलं तर ही सांगेल, वाटेल त्याला, वाटेल तेव्हा. नाही वाटलं तर नाही सांगणार. मी भाकरतुकडा ओवाळतेय. नाना, वाटेतून सरका."

नानांनी पंचांकडे पाहिलं. पंचांनी जमिनीकडे. मग नाना सरकले.

धुरपानं भाकरतुकडा ओवाळला, मैनेची सावली पुन्हा वेणीसकट पुरी झाली, आणि दोघी घरात गेल्या आणि सुखात राहिल्या. आणि ते पंच? ते अजून गप्पच आहेत. इतकी छान शांतता झालीय, तर झोपून घ्या आता, पोरांनो.