पहाऱ्यावरची शिंपली

पाखरं अजून एकमेकांशी समोरासमोर बोलत, तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठच्या बाभळीवर सातभाई पक्ष्यांचा थवा राहायचा. सगळे खाली पाचोळ्यात किडे शोधायचे आणि एक जण शेंड्यावर बसून शिकारी शिक्र्यावर नजर ठेवायचा. सकाळचा पहारा केरबाचा. तीन पावसाळ्यांत त्याच्या पहाऱ्यावर कुणाचं पीसही गेलं नव्हतं.

एकदा साळुंकीने त्याला बोलकी शिंपली दिली. "दाजी, कानाला लावा. दहा रानांची खबर बसल्या जागी!" बदल्यात तिने एक दाणाही मागितला नाही. असला माल शहाण्याने दोनदा उलटून बघावा, पण केरबाने थेट कानाला लावला.

"अहो, वर लक्ष ठेवा हं," खालून बायको सरू ओरडली. "पिल्लू आज पहिल्यांदाच खाली उतरलंय."

"ठेवतोय गं! कामाचंच ऐकतोय. पलीकडे काय चाललंय ते पहारेकऱ्याला कळायला नको?"

शिंपलीत घारींची भांडणं झाली, मोरांची लग्नं लागली. मग खबर आली, की शिक्र्याने आत्ताच सातभाईंचं एक पिल्लू उचललं.

केरबा हळहळला. "अरेरे! पहारेकरी झोपला होता काय लेकाचा?" मग शिंपलीला तोंड लावून त्याने विचारलं, "कुठल्या रानात हो?"

"ओढ्याकाठच्या बाभळीखाली."

केरबाने खाली पाहिलं. थवा झुडपात दडला होता आणि उघड्यावर सरू एकटीच उभी होती. तोवर शिंपलीने पुढची खबर सांगायला घेतली होती.