खुणा नसलेले बिऱ्हाड

मुलांनो, जंगले पुष्कळ असतात. ही गोष्ट घडली त्या जंगलात तळे मात्र एकच होते आणि त्याच्या काठी राहणाऱ्यांना स्वतःच्या भलेपणाचा भारी अभिमान होता. तळ्यापासून जरा लांब, काटेरी झुडपांत एक मुंगूसआई तीन पिल्लांसह राही. तिचे कूळ फिरस्ते. आज इथे, उद्या तिथे. पण दर उन्हाळ्यात मुक्काम याच झुडपांत. कुणाच्या बिळात साप शिरला की सगळ्यांना तिची आठवण होई आणि साप मेला की तितक्याच झटपट तिचा विसर पडे.

एका वर्षी तळे आटू लागले. पंच असलेल्या अस्वलाने फर्मान काढले, "ज्याच्या घराण्याच्या सात उन्हाळ्यांच्या खुणा इथे दिसतील, त्यालाच पाणी." हरणांनी तुडवलेल्या वाटा दाखवल्या, सशाने बिळे दाखवली. मुंगूसआईपाशी दाखवायला काहीच नव्हते. मुक्काम हलवताना जागा शेपटीने झाडून, सारखी करून निघायचे, ही तिच्या कुळाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. दुसऱ्याच्या भूमीवर ओरखडाही ठेवू नये, असे तिला आजीने शिकवले होते. बिचारी तेच मोठ्या अभिमानाने सांगून बसली.

"दादा, आम्ही दर वर्षी जागा झाडूनच जातो. एक पाऊलसुद्धा मागे ठेवत नाही."

"म्हणजे खुणा नाहीत, हे तूच कबूल करतेस," अस्वल म्हणाले.

तिने सशाकडे पाहिले. त्याच्या बिळातला नाग तिने दोनच उन्हाळ्यांमागे मारला होता. "भाऊ, तुम्ही तरी सांगा ना!"

ससा मान खाली घालून म्हणाला, "मी कुणाच्या भानगडीत पडत नाही, बाई."

तिसऱ्या दिवशी धाकट्या पिल्लाने पाणी मागायचेही सोडून दिले. मुंगूसआईने त्याला तोंडात धरून तळ्याकडे धाव घेतली, तर "चोर, चोर!" करत सगळे आडवे आले. काठ चार पावलांवर होता. पिल्लू पुढ्यात ठेवून ती रडली, पाया पडली, शेवटी शिव्याशापही देऊन झाले. कुणी तसूभर हटले नाही. त्या गलक्यात पिल्लू कधी गेले, ते तिला कळलेसुद्धा नाही. उरलेली दोन पिल्ले घेऊन ती त्याच दुपारी जंगल सोडून गेली.

संध्याकाळी तळ्यावर सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. ससा पोटभर पाणी प्यायला, त्याने मिशा पुसल्या आणि म्हणाला, "काय करणार! या लोकांना पिल्लांची काळजीच नसते."

तात्पर्य : आधी पाणी तोडायचे आणि मग तहानेने मेलेल्याच्या आईलाच नावे ठेवायची, याला जिथे न्याय म्हणतात, तिथे दुबळ्याने दाद मागावी तरी कुणाकडे?