कचरू नाव घेऊन सासरवाडीला जातो

गाव कुठलं ते विचारू नका. त्या गावचे लोक म्हणतात तो शेजारच्या गावचा, आणि शेजारचे म्हणतात तो तुमचाच. पण होता एक गडी, आणि पार भोळा होता. नाव कचरू.

आता कचरू हे काही कुणी आवडीने ठेवलेलं नाव नव्हे. त्याच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती. पहिल्या लेकीचं तिने मोठ्या कौतुकाने छान नाव ठेवलं होतं, ती वर्षाच्या आत गेली. बायका म्हणाल्या, चांगलं नाव ऐकलं की यम वळून बघतो. म्हणून हा जन्मला तसा त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवला, शेजारणीने उचलला, आणि आईने पसाभर जोंधळे देऊन तिच्याकडून विकत घेतला. नाव ठेवलं कचरू. यमाने ते नाव ऐकलं आणि तो तसाच पुढे गेला. जाताना पोराची अक्कल तेवढी घेऊन गेला, असं गावात म्हणत.

कचरूचं लग्न झालं. मुलीचं नाव नकुसा. ती बापाची चौथी मुलगी. आता मुली पुरे झाल्या हे देवाला कळावं म्हणून बापाने तिचं नावच तसं ठेवलं होतं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, कचरूच्या हातात अंगठी दिली आणि भटजी म्हणाले, "लिहा बायकोचं नाव."

कचरू दुसरीपर्यंत शाळेत गेलेला. त्याने अंगठीने ठळक लिहिलं, नकुसा.

"अहो, नवं नाव लिहा. लग्नात नवऱ्याने बायकोला नवं नाव द्यायचं असतं."

"पण बायको हीच हाय न्हवं?"

"हीच."

"मग दुसरं नाव लिवलं तर दुसरीच कुणीतरी यायची घरी."

मांडव हसला. भटजींना पुढचं लग्न गाठायचं होतं, त्यांनी अक्षता टाकल्या. नकुसा मात्र लहानपणापासून त्या ताटाची वाट बघत होती. तिच्या बहिणी माहेरी काहीही असोत, सासरी जाऊन लक्ष्म्या आणि सरस्वत्या झाल्या होत्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कचरूला वाटलं, होमाचा धूर गेला असेल. त्याने उपरण्याने वारा घातला.

वर्ष गेलं. नकुसा बाळंतपणाला माहेरी गेली. एक दिवस बांगड्या विकत हिंडणारी कासारीण तिचा निरोप घेऊन आली.

"लेक झाली रं कचरू. सोमवारी बारसं हाय. तुला बहीण न्हाई, म्हंजे नाव ठिवायला आत्या न्हाई. तवा नाव तूच आणायचं. बायको म्हणती, माझ्यावानी नको. तिचा बाप धोंडी ठिवा म्हणून बसलाय, म्हंजे पुढचा ल्योक हुईल. चांगलं नाव आणलं न्हाईस तर ती लेकीला घेऊन हिकडं यायची न्हाई. अशीच म्हणाली."

कचरू घाबरला. बायको नसली की भाकरी आई करायची, आणि आईला दिसायचं कमी. पण भाकरीचं सोडा, त्याला बायको आवडत होती. ती एकटीच त्याला कधी हसली नव्हती.

"आई, नाव कुठं मिळतं गं?"

"इचार करून ठिवावं बाबा. जसं नाव तसा गुण येतो."

कचरूने मान डोलावली. "बरं आई, ध्यानात ठिवतो." आणि त्याने खरंच ध्यानात ठेवलं. तीच तर अडचण होती.

संध्याकाळी तो खळ्यावर शेंगांच्या राखणीला गेला. बरोबर मोत्या कुत्रा. मोत्या इतका भित्रा की स्वतःच्या शेपटीकडे तिरका बघायचा. कचरूने त्याला समोर बसवलं आणि म्हणाला, "आजपासून तुझं नाव वाघ्या." मग निश्चिंत मनाने घरी येऊन जेवला आणि झोपला. सकाळी बघतो तो खळ्यावर रानडुकरांच्या खुरांचे ठसे आणि टरफलं. वाघ्या गाडीखाली, चाकाला मिठी मारून.

आईने कपाळाला हात लावला. "आरं येड्या, नाव दिलं की लगीच गुण येतो व्हय? चारचौघांच्या तोंडात रुळावं लागतं. समद्या गावाच्या तोंडात आसतं त्येच खरं नाव. जा, अण्णा पाटलांस्नी इचारून ये, ते शिकल्याले हायती."

"बरं आई, ध्यानात ठिवतो."

अण्णा पाटलांनी तरुणपणी जत्रेच्या आदल्या दिवशी कुणाची तरी कोंबडी उचलली होती. तेव्हापासून सगळं गाव त्यांना पाठीमागे कोंबडचोर म्हणायचं. तोंडावर सगळे अण्णासाहेब. त्या दिवशी अण्णांच्या ओसरीवर त्यांच्या मुलीला बघायला परगावचे पाहुणे आलेले. चहा चाललेला. कचरूने दारातून हाक दिली.

"ओ कोंबडचोर, हायसा का घरी?"

ओसरीवर कप वाजायचे थांबले. एका पाहुण्याने विचारलं, "कुणाला बोलावतोयस रे?"

"ह्ये मधी बसल्यात त्यांस्नी. अण्णासाहेब आपलं तोंडावरचं. खरं नाव गावाला इचारा, एकालाबी चुकायचं न्हाई."

पाहुणे चहा संपवून निघून गेले. अण्णांनी कचरूला कुंपणापर्यंत सोडलं, म्हणजे कुंपणाच्या पलीकडे फेकलं.

आईने त्याच्या पाठीला हळद लावली. "वडीलधाऱ्यांचं नाव घेऊ न्हाई बाबा. नुसतं अहो म्हणावं, अदबीनं. तोंडातनं नाव म्हणून काढायचं न्हाई. आता आसं कर, देवळात जा. भजनीबुवा येवढी पोथी वाचत्यात, त्यांस्नी इचार."

"बरं आई, ध्यानात ठिवतो."

देवळात भजन रंगात आलं होतं. राम राम, राम राम, असा गजर चाललेला. बुवांनी कचरूला बसायची खूण केली, हातात टाळ दिला. कचरू बसला आणि ऐकून थक्क झाला. रामापेक्षा वडीलधारं कोण? आणि ही सगळी माणसं त्याचं नाव घेतायत, तेही ओरडून. त्याने टाळ उचलला आणि खड्या आवाजात सुरू केलं, "अहो, अहो. अहो, अहो."

आधी बायकांच्या बाजूला खुसखुस झाली. मग मृदंग चुकला. मग बुवांनी डोळे उघडले.

"कुणाला अहो म्हणतोस रे?"

"त्यांनाच की," कचरू गाभाऱ्याकडे बघून अदबीने म्हणाला.

"त्यांना म्हणजे कुणाला?"

कचरूने मान खाली घातली. "आपल्या तोंडानं कसं सांगू? सीतामाईंच्या घरचे."

त्या दिवशी आरतीला बायका नीट उभ्या राहू शकल्या नाहीत. बुवांनी कचरूला पायरीपर्यंत टाळाने वाजवत नेलं.

"आरं, देवाचं नाव घ्यायलाच आसतंय," आई म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. "टाळ्या वाजवून घ्यावं. डोळं मिटून, पुन्हा पुन्हा घ्यावं. आता तू कुणाला काय इचारू नकोस. ही धोंडीबाची परात तेवढी त्येच्या घरी दिऊन ये. बाळंतिणीचं लाडू झालं वळून."

"बरं आई, ध्यानात ठिवतो."

धोंडीबा म्हणजे शेजारी, भिंतीला भिंत. कचरू त्याच्या दारात गेला, परात खाली ठेवली, डोळे मिटले आणि टाळ्या वाजवत नाव घ्यायला लागला, "धोंडीबा, धोंडीबा. धोंडीबा, धोंडीबा."

एखाद्याच्या दारात कुणी डोळे मिटून टाळ्या वाजवत त्याचं नाव घ्यायला लागला, की गावाला एकच कळतं, आतला माणूस गेला. समोरची म्हातारी धावत आली. मागून आणखी चार आल्या. "कालपतुर तर बरा हुता," एक म्हणाली. "गुणाचा हुता," दुसरी म्हणाली. कुणीतरी बांबू बघायला गेलं. तेवढ्यात न्हाणीतून अंगाला साबण लावलेला धोंडीबा ही गर्दी कशाची ते बघायला बाहेर आला, आणि चार म्हाताऱ्या एकमेकींवर पडल्या.

धोंडीबाची बायको त्यातूनही सावरली असती. पण तिने परात उचलली, तर परात रिकामी. ती तशीच कचरूच्या आईकडे आली आणि उंबऱ्यातून ऐकवून गेली, की माझ्या नवऱ्याला जित्तेपणी मारलं ते मारलं, पण परात रिकामी धाडली ह्ये मी इसरायची न्हाई.

आईने कचरूला पुढ्यात बसवलं. "ह्ये बघ. दुसऱ्याची वस्तू काम झालं की ज्याची त्येला परत करावी. आणि परत करताना रिकामी दिऊ न्हाई. चिमूटभर साखर घालावी, मूठभर दाणं घालावं. त्येनं मान राहतो. येवढं तरी ध्यानात ठीव, सासरवाडीला चाललायस."

"बरं आई. पण नाव?"

आई चुलीकडे बघत म्हणाली, "नाव मी देते. हौसा. तुझ्या थोरल्या बहिणीचं हाय. ती गेल्यापासून म्या तोंडातनं काढलं न्हवतं."

कचरूने इकडे तिकडे बघितलं आणि कुजबुजत विचारलं, "पण यम ऐकंल की."

"त्योबी म्हातारा झाला आसंल आता," आई म्हणाली. "ऐकू कमी येत आसंल." आणि तिने पदराने तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं.

सोमवारी कचरू डोक्यावर लाडवांचा डबा आणि तोंडात हौसा घेऊन सासरवाडीला पोचला. वाटेत कुणी रामराम केला तर मान हलवायचा, तोंड उघडायचा नाही, नाव सांडेल म्हणून. मांडवात पाळणा बांधलेला, बायका जमलेल्या. मध्ये पाटावर सासरा बसला होता, मिशीला पीळ देत. त्याचं नाव रंगराव. नुसतं रंगा म्हटलेलं त्याला खपत नसे. राव लावल्याशिवाय तो वळायचाही नाही.

नकुसा पाळण्यापाशी बसली होती. तिने कचरूकडे बघितलं. तिने लेकीचं दुपटं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"या जावईबापू," रंगराव म्हणाले. "नावाचं मी ठरवलंय. धोंडी ठिवा. पोरगीच झालीया, दुसरं काय ठिवणार. पुढचा ल्योक हुईल. आमचा अनुभव हाय."

कचरू काही बोलला नाही. बोलणार कसा, तोंडात नाव होतं. तो सरळ पाळण्याकडे गेला, वाकला आणि लेकीच्या कानात म्हणाला, "कुर्र. हौसा." मग मोठा श्वास घेऊन सरळ उभा राहिला. "पोचलं बया एकदाचं."

"काय ठिवलं?" बायकांनी विचारलं.

"हौसा."

बायकांनी लगेच पाळणा हलवला. एकदा कानात गेलेलं नाव बाहेर काढायची रीत नाही, हे रंगरावांनाही माहीत होतं. नकुसाने दुपटं सोडलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि ती हसतही होती. आज तिथे होम नव्हता. कचरू विचारात पडला.

तो इथे थांबला असता तर शहाणा ठरला असता. पण बायकोकडे बघता बघता त्याला परात आठवली.

"मामा," तो सासऱ्याला म्हणाला, "एक इचारू? हिचं नाव नकुसा कुणी ठिवलं?"

"मीच. दुसरं कोण?"

"कशापायी?"

"ल्योक व्हावा म्हणून."

"मग झाला का ल्योक?"

"तर. हा काय तुमचा मेव्हणा उभा हाय." मेव्हणा खांबाला टेकून पेढा खात होता.

"म्हंजे नावाचं काम झालं."

"झालं की," रंगराव मिशीवर हात फिरवत म्हणाले. "पक्कं झालं."

"तरी म्हटलं," कचरू म्हणाला. "काम झाल्यावर आमच्याकडंच राहिलं ह्ये. वर्ष झालं, ध्यानातच आलं न्हाई. माफी करा मामा." आणि तो रंगरावांच्या समोर गुडघे टेकून बसला, ओंजळ पुढे केली, जणू तीत काहीतरी होतं. "तुमचं हाय, तुम्हीच ठिवलं हुतं. आता परत घ्या."

रंगरावांना काही कळेना. "काय परत घिऊ?"

"नाव. आणि आमच्या आईनं सांगितलंय, परत करताना रिकामं दिऊ न्हाई, मान राहिला पायजे. म्हणून मागं राव घालून देतो." कचरूने ओंजळ त्यांच्या मांडीवर रिती केली आणि दोन्ही हात जोडले. "घ्या, नकुसाराव."

पहिली हसली ती सासू. तीस वर्षांत ती नवऱ्यासमोर हसली नव्हती. मग सगळा मांडव.

रंगराव काठी शोधत उठले. "आरं मुडद्या, मग माझ्या लेकीला आता काय म्हणून हाक मारू?"

"हौसाची आई," कचरू म्हणाला. "तेवढं पुरतंय की तिला."

हौसाची आई त्याच दिवशी लेकीला कुशीत घेऊन कचरूबरोबर निघाली. तिच्या बापाला सगळी चूक दुरुस्त करायची होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच तो मिशीला तेल लावून, फेटा बांधून, घरोघरी सांगत निघाला की माझं नाव रंगराव आहे, कालचं खरं धरू नका. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही त्यामुळे कळलं. दुपारी तो दळण घेऊन गिरणीत गेला. गिरणीवाल्याने त्याला बसायला पोतं झटकून दिलं, डबा दोन्ही हातांनी घेतला आणि अदबीने विचारलं, "बारीक दळू का जाडं, नकुसाराव?"