आधी भाकरी, मग नाव

फार फार जुन्या काळी, यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या देशातल्या एका खडकाळ बेटावर एक तरणा माणूस मेला, आणि दोष बेटाच्या म्होरक्याचा होता. समुद्राचा नाही, नशिबाचा नाही. वडीलधाऱ्यांना अशा वेळी नशीब पटकन आठवतं, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

त्या बेटावर एक रीत होती. अनोळखी माणूस दारात आला की आधी पाणी, मग भाकरी, आणि शेवटी नाव विचारायचं. कारण बेटाची एक गोष्ट होती. देवांचा राजा भिकाऱ्याच्या वेशात दारोदार फिरतो. जे दार लावतात त्यांची घरं तो समुद्रात बुडवतो. गावची कथेकरी म्हातारी ती गोष्ट दर सणाला सांगायची.

एकदा म्होरक्याच्या घरी असाच एक पाहुणा आला. तीन दिवस जेवला आणि चौथ्या दिवशी दुभती बकरी घेऊन पसार झाला.

म्होरक्या चावडीवर ओरडला, "देव होता म्हणे! देवाला बकरी कशाला लागते?" पोरं खो खो हसली. त्याला आणखीच झोंबलं. "म्हातारे, गोष्ट बदल. वेश घेऊन देव येत नाही, राक्षस येतो. त्याला आपलं नाव सांगता येत नाही, हीच त्याची खूण. आधी नाव, मग पाणी!"

म्हातारीने त्याला मांडीवर खेळवलं होतं. ती म्हणाली, "अरे, बकरी गेली तर जाऊ दे, गोष्ट राहू दे. ती पाहुण्यांसाठी रचलेलीच नाही. आपली माणसं समुद्रावर जातात. उद्या कुणाच्या दारात उभं राहावं लागेल, ही भीती होती आपल्या पूर्वजांना. तुला भीती आहे ती तुझ्या दारात कोण उभं राहील याची."

"माझा पोरगा माशासारखा पोहतो. त्याला कुणाचं दार लागत नाही."

पांढऱ्या दाढ्यांनी माना डोलावल्या. त्यांना दुसरं येतं काय? म्हातारीने नवी गोष्ट सांगायला नकार दिला, तेव्हा म्होरक्या स्वतःच ती सांगू लागला. काळा पडलेला, ओठ फाटलेला, मुका राक्षस. पोरं खेळातसुद्धा काठ्या उगारून "नाव सांग!" म्हणू लागली.

म्होरक्याचा एकुलता एक, आईविना वाढलेला मुलगा त्याच वर्षी गलबतावर गेला. दहा वर्षांनी तो परत निघाला आणि बेटापासून दूर समुद्रातल्या खडकांवर गलबत फुटलं. फळीला धरून पाच दिवस तो पाण्यात होता. पोहत किनाऱ्याला लागला खरा, पण पिण्याजोगा थेंब पोटात नव्हता. जीभ सुजून टाळ्याला चिकटली होती.

भर दुपारी तो गावात शिरला. पहिल्या दारातून आवाज आला, "नाव सांग!" दुसऱ्यातून तेच. शेवटी तो आपल्या घरापाशी आला आणि दार ठोठावू लागला.

म्होरक्याने फटीतून पाहिलं. दाढी वाढलेला, काळा पडलेला, फाटक्या ओठांचा चेहरा. आपण रचलेला राक्षस हुबेहूब समोर उभा!

"नाव सांग!"

बाहेरून घशातली घरघर तेवढी आली. म्होरक्याने दुसरा अडसर घातला. ठोठावणं बराच वेळ चाललं, मग थांबलं.

उन्हं कलल्यावर त्याने दार उघडलं. पायरीवर प्रेत होतं. डाव्या हाताची करंगळी अर्धी होती, लहानपणी ऑलिव्हच्या घाण्यात तुटलेली. ती करंगळी म्होरक्याने स्वतः बांधली होती.

ही बातमी ऐकून म्हातारी पाण्याचा घडा घेऊन धापा टाकत आली. तिने एकदा पायरीकडे पाहिलं आणि घडा खाली ठेवला.

"विचार आता नाव," ती म्हणाली.

लहानांनी ऐकावं, मोठ्यांनी तर नक्कीच: जुनी गोष्ट मोडण्याआधी ती कुठल्या भीतीला बांध म्हणून घातली होती, ते पाहावं.

त्या दहा वर्षांत म्होरक्याची एकही बकरी चोरीला गेली नाही. मुलगा गेला.