पिंगीचा नवा नियम

माश्या आणि भुंगे माणसांसारखं बोलत, त्या काळची गोष्ट. करंजाच्या अंधाऱ्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं आणि पिंगी दारावर राखण करी. नेहमीसारख्याच एका सकाळी ती धाकट्या बहिणीची वाट बघत असताना भुंगा आला.

“पिंगीताई, तुमची धाकटी गेली. रात्रभर बाहेर गारठली बिचारी.”

“काहीतरीच काय बोलता? ती लांब फुलं शोधायला गेलीय. आज-उद्या येईलच.”

“काल आली होती, मी इथंच होतो. ‘ताई, मी गं,’ म्हणाली, तर तुम्ही म्हणालात, ‘गांधीलमाश्याही अशाच गोड बोलतात. चल, हो बाजूला!’”

गांधीलमाश्या शिरू नयेत म्हणून पिंगीनेच नवा नियम केला होता: आधी मेणाचा वास, मग करंजाचा, तरच आत. धाकटीला मेणाचा वास होता, पण त्यामागून आला तो लांबच्या जांभळाच्या मोहराचा.

कुठलाही नवा नियम आधी शत्रूवर आणि मग घरच्यांवरही आजमावून पाहायचा, अशी पोळ्याची रीत होती. गांधीलमाशी अडली, तेव्हाच सगळ्यांनी पिंगीची पाठ थोपटली होती.

आता जांभळाचा वास आला, की पिंगी दाराबाहेर येऊन बराच वेळ थांबते. लांबून परतलेल्या घरच्या माशीवर तो नियम लावून पाहायचा राहून गेला होता.