लिंबाजीने अंगाचं ऐकलं

एका गावात एक भोळा पेटीवाला होता. नाव लिंबाजी. बोटं गोड, पण सांगितलेलं शब्दशः करायचा.

त्याच गावात इंदुमतीबाई राहायच्या. त्या गाण्यांना चाली लावायच्या आणि गाताना-वाजवताना अंग कसं ठेवावं तेही शिकवायच्या. लिंबाजी त्यांच्याकडे जाऊ लागला. वाजवताना त्याचे खांदे कानाला लागत. बाई म्हणाल्या, "खांदे सोड."

दुसऱ्या दिवशी तो खांद्यावर पेटी घेऊन देवळाकडे निघाला. वाटेत त्याला बाईंचं बोलणं आठवलं. त्याने खांदे सोडले. पेटी दगडावर आपटली.

बाईंनी पेटी दुरुस्त करून आणली. जड वस्तू पोटाशी घट्ट धरावी, असं त्याला समजावलं. लिंबाजीला पटलं.

पुढे देवळात भंडारा होता. त्याला चुलीवरून आमटीचं पातेलं उचलायला सांगितलं. पातेलं जड होतं. त्याने ते पोटाशी घट्ट धरलं. मग तो जो उडाला, तो पंगतीत जाऊन पडला. आमटी सगळ्यांना मिळाली, पण पानात नाही.

बाईंनी त्याच्या पोटाला तूप लावलं. गरम काही दिसलं की आधी फुंकर घालावी, एवढं तरी लक्षात ठेव म्हणाल्या.

मग बाईंच्या नव्या गाण्याचा दिवस आला. वर्षभर खपून बांधलेली चाल पहिल्यांदाच गावापुढे येणार होती. पेटीला लिंबाजी. त्याची आई तर सगळे नातेवाईक गोळा करून पुढेच बसली होती.

प्रमुख पाहुण्यांनी समई लावली. लिंबाजीने फुंकर घातली. पाहुण्यांनी पुन्हा लावली. लिंबाजीने पुन्हा फुंकर घातली, या वेळी जरा जोरात.

बाईंनी त्याला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "लिंबाजी, आता माझं काहीही आठवू नकोस. वाजवताना अडलास तर डोळे मीट, आणि आपलं अंग काय म्हणतं ते ऐक."

बाईंकडे शिकणाऱ्या मुलींनी गाणं सुरू केलं. चाल खरंच सुंदर होती. लोक डोलू लागले. दुसऱ्या कडव्याला लिंबाजी अडला. त्याने डोळे मिटले आणि कान देऊन ऐकलं. सकाळपासून त्याने सतरंज्या वाहिल्या होत्या, वर पोटभर पिठलं-भाकरी खाल्ली होती. अंग म्हणालं, आडवा हो.

त्याने पेटी हळूच सरकवली आणि मंचावर आडवा झाला.

गाणाऱ्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. हाही बाईंचाच काही धडा असणार, असं वाटून त्याही आडव्या झाल्या. ते पाहून पुढची रांग कलंडली. मग मागची. पाहुण्यांनी फेटा काढून उशाला घेतला. मंडपभर घोरण्याचा सूर लागला.

उभ्या राहिल्या त्या एकट्या बाई. त्यांनी लिंबाजीला गदागदा हलवलं.

त्याने एक डोळा उघडला आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला बाई," तो म्हणाला, "अंग अजून बोलतंय."